माझ्यासमोर जमिनीवर बसलेल्या फिडलवाल्या आजोबांना

आजोबा,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण हे मला माझ्याच भाषेत लिहायचं होतं.

तुमच्या आधीच्या त्या वादकमंडळींनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. मी पुण्यात शिकले तशी मांडी घालून, व्हायोलिनचं, तुम्ही म्हणता त्या फिडलचं, टोक पायावर टेकवून वाजवते. ‘अशोकन फेअरवेल’ शिकवाल का, विचारलं तर म्हणाले, ही आमच्या अमेरिकेच्या यादवी युद्धातली धून, ती अशी बसून वाजवत नाहीत. घरी येऊन पेटी बंद केली ती दोन महिने उघडली नाही.

आणि मग तुमच्या गावच्या लायब्ररीतली ती संध्याकाळ. मी कोपऱ्यात बसले होते. तुम्ही खुर्ची बाजूला सारलीत आणि गुडघ्यांवर हात देत देत माझ्यासमोर जमिनीवर बसलात. सत्तरी ओलांडलेला माणूस! पहिली ओळ वाजवलीत, अगदी हळू. मी चुकले की तुम्ही थांबायचात, गज तारेवर तसाच ठेवून. तो थांबलेला गज अजून डोळ्यांसमोर आहे.

कॉफी पिताना तुम्ही धुनेची गोष्ट सांगितलीत. युद्ध संपलं १८६५ साली, धून १९८२ ची! न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये जन्मलेल्या फिडलवादक जे उंगर यांनी ती रचली. कॅट्सकिल डोंगरांतल्या अशोकनचं फिडल-नृत्याचं शिबिर संपवून ते घरी आले, आणि मागे राहिलेली हुरहुर काही केल्या जाईना. त्यातून ही स्कॉटिश शोकगीताच्या वळणाची चाल आली. नाव त्यांच्या सहवादक मॉली मेसन यांनी दिलं. पुढे १९९० साली केन बर्न्स यांच्या यादवी युद्धावरच्या माहितीपट-मालिकेत ती पुन्हा पुन्हा वाजली. भोवतीचं बहुतेक संगीत खरोखरच जुनं, त्यामुळे हीसुद्धा त्याच काळातली, असं घरोघरी ठरून गेलं. जुनं अशोकन गाव बरंचसं धरणाखाली गेलंय, हेही तुम्ही सांगितलंत. माझं आजोळ मुळशीचं. मला पुढे बोलता आलं नाही. तुम्हीही काही विचारलं नाहीत, नुसती पहिली ओळ पुन्हा वाजवलीत.

त्या मंडळींबद्दल तुम्ही वाकडा शब्द काढला नाहीत. माझ्या मनात मात्र त्यांचा राग अजून आहे. न बोलता दुसऱ्याला जागा करून देणारी माणसं आहेत, म्हणून परक्या मुलखात तग धरता येतो.

आता ती धून पूर्ण बसली आहे. गुरुवारी येताना सतरंजी आणते, दोघांना पुरेल एवढी.

तुमची,
कोपऱ्यातली विद्यार्थिनी