रात्रीच्या वेळी उन्हाची टोपी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. ते मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात तुझ्यापेक्षा वहिनींचेच कौतुक अधिक वाटले, हे आधीच सांगून टाकतो. त्या तोतया पोलिसाने तुला फोनच्या कॅमेऱ्यासमोर अडीच तास बसवून ठेवले, तुझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याची थाप मारली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलेला तू मुदत ठेव मोडायला निघालास, याची तुला लाज वाटते, असे तू लिहितोस. ‘डिजिटल अरेस्ट’ असला काही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे तू स्वतःच कितीतरी जणांना समजावून सांगितले होतेस. म्हणूनच ती लाज अधिक बोचत असणार. पण तुझ्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला मजकूर तू जाता जाता, अर्ध्या वाक्यात उरकला आहेस. वहिनी आतून आल्या, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेताने बाजूला उभ्या राहिल्या आणि अगदी नम्रपणे म्हणाल्या, “साहेब, गुन्ह्याचा नंबर जरा सावकाश सांगा, लिहून घेते.” त्याने सांगितला. पाच मिनिटांनी, पेन नीट चालत नव्हते अशी सबब सांगून, त्यांनी तोच नंबर पुन्हा विचारला, तेव्हा दोन आकडे बदललेले होते. त्यांनी आवाज चढवला नाही, वाद घातला नाही. तो कागद तुझ्यासमोर सरकवला आणि दोन आकड्यांखाली रेघ ओढली.

तू विचारतोस की, बुद्धी असूनही माणूस असा कसा फसतो. याचे उत्तर देण्यापूर्वी मला चार्ल्स शोभराज या कुप्रसिद्ध ठगाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. वयात आल्यापासून आपण ते नाव वर्तमानपत्रांत वाचत आलो, आणि तुझ्या मनात त्याच्या बुद्धीविषयी एक छुपे कौतुक होते, हे मला आठवते. माझ्या मते त्या कौतुकातच तुझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे.

शोभराजची बुद्धी कशी चालत होती, ते जरा जवळून पाहा. वडील भारतीय, आई व्हिएतनामी, जन्म ६ एप्रिल १९४४ रोजी सायगावचा, बोलण्यात गोडवा, अनेक भाषा अवगत. १९७०च्या दशकात युरोपातून आशियात भटकायला येणारे तरुण प्रवासी हे त्याचे सावज. बँकॉकमध्ये तो रत्नांचा व्यापारी म्हणून मिरवत असे, प्रवाशांना घरी उतरवून घेत असे, त्यांच्या खाण्यापिण्यात औषध मिसळून त्यांना आजारी पाडत असे आणि मग त्यांच्या उशाशी बसून त्यांची शुश्रूषाही स्वतःच करत असे. पाहुण्यांचे पासपोर्ट गुपचूप लांबवायचे आणि त्यांच्या शोधासाठी वणवण केल्याचे नाटक करून त्यांची कृतज्ञता मिळवायची, हीही त्याचीच रीत. आग लावायची आणि बादली घेऊन पहिल्यांदा आपणच धावायचे, असा हा प्रकार. त्या काळातल्या डझनभर खुनांशी त्याचे नाव जोडले जाते. तुझ्या फोनवरच्या माणसाने याहून वेगळे काय केले? आधी गुन्ह्याची भीती घातली, आणि मग ‘मी तुम्हाला यातून सोडवतो’ म्हणणाराही तोच.

अशा माणसावर वरचढ ठरणारा कोणी त्याच्याहून चलाख, त्याच्याहून नाटकी असा असेल, असे आपल्याला उगाचच वाटते. प्रत्यक्षात ज्यांनी त्याला जेरीस आणले, त्यांची अक्कल मला कारकुनी वाटते. हा शब्द मी मुद्दाम आणि आदराने वापरतो आहे. माझी तीस वर्षे दफ्तरातच गेली, तेव्हा मला तो अधिकार आहे.

बँकॉकच्या डच वकिलातीत हर्मन क्निपेनबर्ग नावाचा एक तरुण, कनिष्ठ दर्जाचा अधिकारी होता. १९७६च्या फेब्रुवारीत त्याच्याकडे नेदरलँड्सहून चौकशीचे एक पत्र आले : प्रवासाला गेलेल्या एका तरुण जोडप्याची घरी नियमाने येणारी पत्रे अचानक बंद झाली आहेत. अशी पत्रे कोणत्याही वकिलातीत येतात, आणि बहुतेकांना ‘चौकशी चालू आहे’ असे ठरावीक उत्तर जाते. क्निपेनबर्गने मात्र त्यातली एक गोष्ट हेरली. जे लोक नेमाने लिहितात, ते कारणाशिवाय थांबत नाहीत. अयोध्या, म्हणजे थायलंडमधल्या अयुथ्थयाच्या वाटेवर काही आठवड्यांपूर्वी दोन जळालेले मृतदेह सापडले होते आणि ते एका ऑस्ट्रेलियन जोडप्याचे असल्याचे धरून चालले होते. पुढे ते ऑस्ट्रेलियन जोडपे जिवंत असल्याचे कळले. मग हे मृतदेह कोणाचे? क्निपेनबर्गने हरवलेल्या दोघांच्या दातांच्या नोंदी मायदेशाहून मागवल्या आणि एका दंतवैद्याकडून त्या पडताळून घेतल्या. नोंदी जुळल्या. या पायरीशी मी दरवेळी थबकतो, कारण इथे ना पाठलाग आहे, ना पिस्तूल. एका कागदाशेजारी दुसरा कागद ठेवलेला आहे, इतकेच.

त्यानंतर त्याने पत्नीच्या मदतीने शेजाऱ्यांचे सांगणे, पासपोर्टांविषयीच्या कुजबुजी, तारखा, असे सारे जमवून फाइल बांधत नेली. वरिष्ठांना हे रुचले नाही. वकिलातीतल्या माणसाने पोलिसगिरी करू नये, असा त्यांचा आक्षेप होता आणि नियमाच्या दृष्टीने तो अगदीच गैरलागू नव्हता. मार्चमध्ये थाई पोलिसांनी शोभराजच्या घरावर छापा घातला, तेव्हा त्याने दुसऱ्याच माणसाचा पासपोर्ट पुढे करून आपण अमेरिकन असल्याचे ठासून सांगितले, आणि पोलिसांनी त्याला जाऊ दिले. काही दिवसांतच तो देश सोडून पसार झाला. म्हणजे पाहा, ज्यांच्याकडे बंदुका आणि अधिकार होते, त्यांना त्याने दोन वाक्यांत गुंडाळले. फाइलवाल्याला मात्र त्याला गुंडाळता आले नाही, कारण फाइलशी गोड बोलता येत नाही. क्निपेनबर्ग त्या रिकाम्या घरात गेला, तिथली औषधे आणि प्रवाशांच्या मागे राहिलेल्या वस्तू त्याने गोळा केल्या, आणि ते सगळे पुढच्या तपासाच्या कामी आले.

त्याच वर्षी जुलैत शोभराज दिल्लीत सापडला, आणि तोही स्वतःच्या घाईने. फ्रेंच पर्यटकांच्या एका मोठ्या गटाला त्याने पोटाच्या विकारावरचे औषध म्हणून गुंगीच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी अपेक्षेपेक्षा फार लवकर काम केले आणि माणसे हॉटेलातच धडाधड कोसळू लागली. ज्यांना गुंगी चढली नव्हती, त्यांच्या लक्षात प्रकार आला आणि त्यांनी त्याला तिथेच धरून ठेवले. एरवी सावकाशीने जाळे विणणारा हा माणूस घाई करताच उघडा पडला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे; तुझ्या फोनवरचा माणूसही दुसऱ्यांदा नंबर सांगताना घाईतच होता.

आता आपल्या मधुकर झेंड्यांकडे येतो. मुंबई पोलिसांतल्या या अधिकाऱ्याने शोभराजला १९७१ मध्येच एकदा पकडले होते. सुटाबुटातल्या त्या पाहुण्याच्या खिशात हॉटेलांच्या पावत्या निघाल्या आणि त्या पावत्यांवरून झेंडे त्याच्या साथीदारांपर्यंत आणि त्यांच्या शस्त्रांपर्यंत पोचले. पुन्हा कागदच! पुढे शोभराजने अपेंडिक्स दुखत असल्याचे सोंग आणून दिल्लीच्या रुग्णालयातून पळ काढला. मग बँकॉक, मग वर सांगितलेली अटक, मग तिहार. आणि १६ मार्च १९८६ रोजी, रविवारी, वाढदिवसाचा बहाणा करून पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून तो तिहारमधून सरळ चालत बाहेर पडला. साऱ्या देशात गहजब झाला.

झेंडे आपली माणसे घेऊन गोव्यात गेले. पर्वरीला ‘ओ कोकेरो’ नावाचे एक रेस्टॉरंट आहे. परदेशी लोकांची तिथे वर्दळ असे आणि त्या काळी दुर्मिळ असलेली परदेशी फोन लावण्याची सोयही होती. पळून गेलेला माणूस कधीतरी कोणाला तरी फोन करणारच, असा सरळ हिशेब मांडून ही मंडळी तिथे गिऱ्हाइकासारखी बसून राहू लागली. हे बसून राहणे तू डोळ्यांपुढे आण. रोज तेच टेबल, समोर तेच पदार्थ, दाराकडे लक्ष आहे हे न दाखवता दारावर नजर, आणि आजही कोणी आले नाही म्हणून उठायचे. मला वाटते, शोभराजला हे कधीच जमले नसते. कोणी आपल्याकडे पाहत नाही, हे त्याला सहनच होत नसे.

६ एप्रिलच्या रात्री एक टॅक्सी येऊन थांबली आणि दोघे जण उतरले. त्यांच्या डोक्यांवर उन्हाच्या टोप्या होत्या. रात्रीच्या वेळी उन्हाची टोपी कशाला, हा प्रश्न झेंड्यांच्या मनात आला, आणि सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आली. वेषांतर करणारा माणूस चेहऱ्याची काळजी घेतो, घड्याळाची घेत नाही. तरीही झेंडे तडक उठले नाहीत. दोघांना आत येऊ दिले, बसू दिले, चेहरा ओळखून खात्री करून घेतली, आणि मग शोभराजला पकडून त्याच्या नावाने हाक मारली. त्याने आधी उडवून लावण्याचा प्रयत्न केला. पण एकाहत्तर साली मीच तुला पकडले होते, हे ऐकताच त्याचे उसने अवसान गळाले. बेड्या जवळ नव्हत्या, तेव्हा रेस्टॉरंटमधूनच दोर मागवून त्याला बांधले. तो त्याचा बेचाळिसावा वाढदिवस होता, आणि वाढदिवसाच्याच बहाण्याने तिहारचे पहारेकरी झोपवले गेले होते. असल्या योगायोगांचे मला फारसे अप्रूप नाही, पण हा लिहिल्यावाचून राहवेना.

आता तू म्हणशील, आणि म्हणायलाच हवे, की शोभराजला पकडून घ्यायचेच होते. थायलंडमध्ये त्याला फाशीची भीती होती, तिथल्या वॉरंटची मुदत वीस वर्षांची होती, आणि तुरुंग फोडल्यामुळे भारतातली शिक्षा लांबली तर ती मुदत इथेच टळणार होती. घडलेही तसेच, १९९७ मध्ये तो सुटला, तेव्हा थायलंडचा दावा उरला नव्हता. हा हिशेब खरा ठरला, हे मी नाकारत नाही. पण ज्याला पकडून घ्यायचे असते, तो रात्री टोपीखाली तोंड लपवून हिंडत नाही. पकडले गेल्यावर ‘हा माझाच बेत होता’ असे सांगत फिरणे म्हणजे नाक कापले तरी भोके शाबूत आहेत असे म्हणण्यासारखे आहे, आणि त्याच्या बढाईवर आपण इतका विश्वास ठेवतो, हीच त्याची खरी कमाई. तुझ्या त्या छुप्या कौतुकाचे मूळही मला इथेच दिसते. या लोकांची बुद्धी मोठी आहे असे एकदा आपण धरून चाललो की, त्यांच्यापुढे आपला साधा प्रश्न आपल्यालाच बावळट वाटू लागतो, आणि तो आपण गिळून टाकतो. तुझ्या मनात आला नसेल का, की पोलिस असे फोनवर का बसवून ठेवतील? आला असणार. तू तो गिळलास. वहिनींनी गिळला नाही. त्यांनी तो ‘पेन चालत नाही’ अशा बिनधोक कपड्यांत घालून पुढे पाठवला.

धोकादायक माणसासमोर खरे कसब मला यातच वाटते. त्याला खोटे ठरवण्याच्या भरीस पडलो, तर तो सावध होतो, बिथरतो. आपण नम्रपणे, मंदबुद्धी समजले जाण्याची तयारी ठेवून, त्याच्याकडून तीच गोष्ट पुन्हा वदवून घेतली, तर त्याची लबाडी आपोआप उसवते. वहिनींना हे कोणी शिकवले, ते जरूर विचार.

एक गोष्ट राहिली. २००३ मध्ये शोभराज स्वतःहून काठमांडूला गेला, तिथे एका कॅसिनोत ओळखला गेला आणि १९७५ मधल्या खुनाच्या प्रकरणात पकडला गेला. तेव्हा न्यूझीलंडमध्ये राहत असलेल्या क्निपेनबर्गकडे बँकॉकचे ते सगळे कागद सत्तावीस वर्षांनंतरही जपून ठेवलेले होते, आणि त्याने ते तपासासाठी पुढे केले. २००४ मध्ये शोभराजला जन्मठेप झाली. वयाचा विचार होऊन तो डिसेंबर २०२२ मध्ये सुटला आणि फ्रान्सला रवाना झाला. एखाद्याने ती खोकी घर बदलताना रद्दीत घातली असती, आणि कोणी त्याला दोषही दिला नसता.

म्हणून तुला एक काम सांगतो. वहिनींनी ज्यावर नंबर लिहिले, तो कागद किराण्याच्या यादीच्या मागचा आहे, असे तू लिहिले आहेस. तो फेकला जाण्याआधी ताब्यात घे. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत-क्रमांकावर तक्रार नोंदवलीस तिचा क्रमांक, फोन आला त्या दिवसाची तारीख आणि वेळ त्यावरच लिही, फोनमधले संदेश पुसू नकोस, आणि सगळे एका पाकिटात घालून ठेव. आणि मला एवढे कळव की, ते बदललेले दोन आकडे कोणते होते. तू लिहायला विसरलास, आणि मला दोन दिवस तीच चुटपुट लागून राहिली आहे.

वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा जुना बाकसोबती