रंगाऱ्याला जरा थांबव

लँकेस्टर, पेन्सिल्व्हेनिया
14 सप्टेंबर

प्रिय दिग्या,

दसऱ्याच्या आत तात्यांचा बी-275 ट्रॅक्टर रंगवून घेतोयस, रंगारीही ठरला, हे वाचलं. हे पत्र वाचून होईपर्यंत त्याला थांबव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

इथे शेजारच्या आजोबांकडे घोड्यांनी ओढायचं गवतकापणीचं यंत्र आहे, मॅकॉर्मिक-डीअरिंग नंबर 9. हे मॉडेल 1939 साली आलं. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या हाताखाली राबतो, पगार म्हणून मक्याची कणसं मिळतात. घोडे चालू लागले की चाकांची गती गिअरमधून पिटमन नावाच्या लाकडी दांड्यात येते आणि तो दांडा जमिनीलगतची तिकोनी पाती झपाझप मागेपुढे हलवतो. पातं तीन इंच रुंद, फेरा तेवढाच. गिअर बंद पेटीत, तेलात बुडालेले, त्यामुळे दात अजून शाबूत आहेत. तुला हे भंगार वाटेल, पण इथले आमिश, म्हणजे जुन्या चालीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी आजही नंबर 9 घोड्यांना जुंपतात आणि त्यांच्याच वर्कशॉपांत ही यंत्रं नव्याने बांधून मिळतात. म्हणजे सुट्या भागांची चिंता नाही. घोडं अडलं ते मूळ रंग शोधण्यापाशी.

यंत्र वरून हिरवंगार होतं. आता हिरवा म्हणजे जॉन डीअर कंपनीचा, मॅकॉर्मिक-डीअरिंगच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा! कुणीतरी घरात उरलेला डबा संपवला असणार. मी ब्रश शोधत होतो, आजोबांनी हातात पाना दिला. म्हणाले, आधी हत्यारांच्या पेटीचा पत्रा खोल. जिथे लोखंडाला लोखंड चिकटून बसतं तिथे ना ऊन पोचत, ना मागाहून आलेल्याचा ब्रश. बोल्ट सुटला, ग्रीसचा काळा थर रॉकेलच्या बोळ्याने पुसला, तर खाली रुपयाएवढा लाल तुकडा, अगदी तकतकीत.

एवढ्यावर भागत नाही. तो रेड ऑक्साइडचा प्रायमर, म्हणजे रंगाच्या आधी मारायचा अस्तराचा थरही असू शकतो. म्हणून शेजारीच बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला. कोरडं घासायचं नाही, जुन्या रंगात शिसं असतं. हळूहळू कडी उमटली: हिरवा, करडा, गुलाबट, लाल, मग लोखंड. गुलाबट पाहून मी गोंधळलो, पण तो निराळा रंग नव्हेच. लालच उन्हाने विटून पांढरट पडला होता. जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं आणि मूळ छटा वर आली. जुळवायचं ते या ओल्या डागाशी, विटलेल्याशी नाही. हे यंत्र बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे ट्रॅक्टर 1936 च्या अखेरीपर्यंत करडे असत, मग लाल झाले. त्या लालचा क्रमांक 2150, पण डब्यावर क्रमांक आहे म्हणून दोन दुकानांतला लाल एकसारखा निघेल या भ्रमात राहू नकोस. चाकांवर इतके थर आहेत की त्यांचा निकाल अजून लागायचाय.

पेटीतल्या पान्यांची गंमत वेगळीच. एकावर ठसठशीत ‘फोर्ड’, तो सरळ बाजूला. एकावर नुसता ओतीव अंक. असे अंक यंत्राच्या भागांवरही असतात, आणि ते सुट्या भागांच्या यादीशी ताडून पाहता येतात. या अंकवाल्या पान्याचा जबडा यंत्राच्या चौकोनी नटांवर चपखल बसला. मॅकॉर्मिक आणि डीअरिंग या आधी वेगळ्या कंपन्या, 1902 मध्ये आणखी तिघींसह एकत्र येऊन इंटरनॅशनल हार्वेस्टर झाली. तेव्हा नुसतं ‘डीअरिंग’ कोरलेला पाना दिसला तर तो आधीच्या एखाद्या यंत्राचा असू शकतो. कंपनीचे जुने कागद आणि फोटो मॅडिसनला, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत जपलेले आहेत. थंडीत तिकडे जायचं ठरतंय.

आता तुझ्याकडे येतो. हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीला बी-275 बनू लागला. म्हणजे तात्यांचा ट्रॅक्टर आणि आमचं यंत्र एकाच घराण्यातले. तेव्हा अंगाला पॉलिश पेपर लावण्याआधी बॅटरीची पेटी काढ, नंबरप्लेटचे स्क्रू सोड आणि मागे काय दडलंय त्याचे दुपारच्या उन्हात फोटो काढून पाठव. इंजिनवरची पट्टी कुणालाही रंगवू देऊ नकोस. टूलबॉक्समधले पाने गंजले असतील तर रॉकेलमध्ये घालून ठेव, ग्राइंडर अजिबात नको, अंक जातील. कुठला पाना मूळचा हे तात्यांना नक्की आठवत असणार, त्यांना तेवढं विचार.

आणि रंगाऱ्याला आगाऊ पैसे देऊन बसला असशील, तर त्याच्याकडून गोठ्याचं फाटक रंगवून घे.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
सुध्या