पालकांसाठी अ‍ॅप काढा, पण अंगणवाडी सेविकांना वेठीला धरू नका

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्ट करणाऱ्या घरांत आई-वडील दोघं कामावर असतात आणि आजी गावाकडे. पोरगं किराणा दुकानासमोर लोळण घेतं तेव्हा एक तर धपाटा बसतो, नाहीतर हातात मोबाइल येतो. पोरगं तेवढ्यापुरतं गप्प होतं. तिसरं काही करता येतं, हे आईबापांना कुणी दाखवलेलंच नसतं. वर ‘तुला पोर आवरत नाही’ हे आईनंच ऐकून घ्यायचं!

हे शिकवता येतं. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि काही विद्यापीठांनी मिळून ‘पेरेंटिंग फॉर लाइफलाँग हेल्थ’ हे कार्यक्रम तयार केले. त्यांचं अ‍ॅप टांझानियात वापरून पाहिलं गेलं, ते इंटरनेटशिवायही चालतं. मला आवडलं ते असं, की सुरुवात शिस्तीपासून होत नाही. रोज थोडा वेळ मुलासोबत बसायचं, खेळ मुलानं निवडायचा. मग कौतुक, तेही नेमकं: नुसतं ‘शहाणा माझा’ म्हणण्याऐवजी ‘चपला जागेवर ठेवल्यास, छान केलंस’. असं एकदा जमलं की आईबापांनाही धीर येतो.

आपल्याकडे हे आणताना ‘सकारात्मक प्रबलीकरण’ वगैरे लिहिलंत, तर लोक पहिल्याच दिवशी अ‍ॅप उडवतील. वाचायला कमी आणि ऐकायला जास्त द्या. सटाण्याकडे अहिराणीत, सुरगाण्यात कोकणीत, म्हणजे तिथल्या कोकणा लोकांच्या बोलीत.

दुसरं, सेविका. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट आणि पोषणाच्या नोंदी भरायचं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप इंग्रजीत, मग दुसरं काय करणार? आता आणखी एका अ‍ॅपची माहिती त्यांच्याकडून भरून घेऊ नका. पालक मेळाव्यात एखादी क्लिप ऐकवून गप्पा घडवू द्या, त्यात त्या तरबेज आहेत. आणि मुलांची नावं, फोटो, हट्टाच्या नोंदी सरकारी सर्व्हरवर कशाला हव्यात?

बोलायला फार उशीर होणं, हाक मारली तरी न बघणं, अशा गोष्टींत अ‍ॅपनं सल्ला न देता थेट डॉक्टरांकडे पाठवावं.

सुरुवात सातपूर आणि सुरगाण्यातून करा. सुरगाण्यात मात्र लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरायच्या आधी. आणि डाउनलोडचे आकडे जाहीर करण्याऐवजी, तीन महिन्यांनी किती पालक अजून ऐकत आहेत तेवढं सांगा.

आपला,
एक पालक, सातपूर, नाशिक