रिफंडच्या मेलमधली लिंक उघडू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आयकर विवरणपत्रे भरून झाली की लोक रिफंडची, म्हणजे जादा गेलेला कर परत मिळण्याची, वाट पाहू लागतात आणि नेमक्या त्याच दिवसांत, चवथीचा खर्च तोंडावर आलेला असताना, ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे’ असे खोटे मेल येऊ लागतात. ही फसवणूक देशभर चालते. पण आपल्या गोव्यातल्या गृहिणी तिला जास्त सहज बळी पडू शकतात, असे बँकेत नोकरी केलेला माणूस म्हणून मला कळकळीने सांगावेसे वाटते.

पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे आपल्याकडे पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. म्हणून 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 5-अ मध्ये गोव्यासाठी वेगळी तरतूद झाली: पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे घरभाडे, ठेवींचे व्याज, दुकानाचा नफा, दोघांच्या नावे निम्मे-निम्मे दाखवायचे. त्या उत्पन्नातून आधीच कापलेला कर, म्हणजे टीडीएसही, तसाच वाटला जातो. त्यामुळे जिने कधी नोकरी-धंदा केला नाही, तिच्याही नावे विवरणपत्र भरले जाते आणि रिफंडही निघतो. भरण्याचे काम मात्र सीए किंवा कर सल्लागार करतो. पुष्कळदा आयकर खात्याच्या पोर्टलवर, म्हणजे संकेतस्थळावर, मोबाईल आणि ईमेलही त्याचाच दिलेला असतो. म्हणजे आयकर खात्याचे खरे निरोप सल्लागाराकडे जातात आणि खोटे थेट तिच्या फोनवर येतात. खरा मेल तिने कधी पाहिलेलाच नसतो, मग खोटा ओळखायचा कशावरून?

फोंड्यात आमच्या शेजारच्या वहिनींना असाच एक मेल आला. वर अशोकस्तंभ, खाली रुपये-पैशांसकट रक्कम आणि तांबड्या अक्षरांत ‘24 तासांत खाते पडताळून घ्या, अन्यथा रिफंड रद्द’. बटण दाबल्यावर उघडलेले पान हुबेहूब सरकारी. त्यात आधी पॅन, मग डेबिट कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन आकडे. त्या कार्ड आणायला कपाटाकडे गेल्या तेवढ्यात मुलाची नजर फोनवर पडली, म्हणून पैसे वाचले. त्या पानाच्या पत्त्यात ‘इन्कमटॅक्स’ होते, ‘जीओव्ही’सुद्धा होते, पण शेवट ‘डॉट कॉम’ होता. आयकर खात्याच्या पोर्टलचा पत्ता ‘इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन’ (incometax.gov.in) असा आहे. सुरुवातीचे ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेआधीचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ नसेल तर ते पान आयकर पोर्टलचे नव्हे.

खरा रिफंड पोर्टलवर आधीच पडताळलेल्या, पॅनशी जोडलेल्या बँक खात्यात परस्पर जमा होतो. त्यासाठी कार्ड, पिन, पासवर्ड, ओटीपी यांतले काहीही आयकर खाते मेलवर मागत नाही. खाते क्रमांक चुकल्यामुळे रिफंड खरोखरच अडकला, तरी त्याची विनंती पोर्टलवर लॉगिन करूनच द्यायची असते. म्हणून मेल खरा वाटला तरी त्यातली लिंक उघडू नये. पत्ता स्वतः टाइप करून पोर्टल उघडावे आणि भरलेल्या विवरणपत्राची स्थिती तिथे पाहावी. व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘रिफंड’ नावाच्या एपीके फाइलला, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणाऱ्या फाइलला, तर हातच लावू नये.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ‘घरात काय म्हणतील’ या भीतीने बायका दोन-दोन दिवस बोलत नाहीत आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, बँकेला कळवा. रिझर्व्ह बँकेने 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम असा: ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे. तिथे एकेक मिनिट मोलाचे आहे.

राज्यातल्या सीए आणि कर सल्लागारांना माझी विनंती आहे. पोर्टलवर त्या त्या बाईचा स्वतःचा मोबाईल नोंदवा आणि विवरणपत्र भरल्यावर तिच्या नावे किती रिफंड येणार, कोणत्या खात्यात येणार, हे तिला कागदावर लिहून द्या. नवऱ्याला सांगितले म्हणजे तिला सांगितले, असे धरू नका.

एक निवृत्त बँक कर्मचारी,
फोंडा