माझे मत, माझ्याच बोटाने: एका केंद्राध्यक्ष बाईंना आभाराचे पत्र

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या दिवशी, नाशिकच्या पंचवटीतील एका मतदान केंद्रावर आपण केंद्राध्यक्ष होतात आणि पुतण्याचा दंड धरून आपल्यासमोर येऊन उभा राहिलेला अंध मतदार मी होतो. आपले नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. कधीतरी ते आपल्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे.

आपण मला एक प्रश्न विचारलात. "काका, बटण तुम्ही स्वतः दाबणार की सोबती घेणार?" काचबिंदूने माझी दृष्टी गेली त्याला बारा वर्षे होत आली होती. तेवढ्या काळात मी एकही मतदान चुकवले नाही, पण हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. काठी दिसली की "सोबत कोण आहे?" असेच विचारले जाई, आणि तेही माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला.

त्यातला एक प्रसंग अजून मनातून जात नाही. पूर्वी आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात राहत होतो. तेथील केंद्रावर आळीतला एक मुलगा माझा सोबती म्हणून आत आला. मनाने चांगला, पण घाईत असलेला. मतदान कक्षात उभे राहून त्याने नेहमीच्याच आवाजात विचारले, "काका, कुठलं दाबू?" पलीकडे सर्व पक्षांचे मतदान प्रतिनिधी बसलेले होते. मी हळूच चिन्ह सांगितले, बीप वाजला आणि आम्ही बाहेर आलो. मी सांगितले तेच बटण दाबले गेले का, हे मला आजही ठाऊक नाही. त्या मुलावर मला शंका घ्यायची नाही. पण मत दिल्याची खात्री नसणे ही गोष्ट माणसाला आतून पोखरत राहते.

निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील ४९-एन हा नियम मी नंतर कोणाकडून तरी वाचून घेतला. सोबती किमान १८ वर्षांचा असावा, त्याने एका दिवसात एकाच मतदाराला मदत करावी, मत गुप्त ठेवण्याचे लेखी द्यावे आणि त्याची नोंद नमुना १४-अ मध्ये व्हावी, अशी त्यात काळजी घेतलेली आहे. ज्यांचे हात चालत नाहीत किंवा ज्यांना ब्रेल येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय हवीच. मात्र ती ज्याला स्वतः मत नोंदवता येत नाही त्याच्यासाठी आहे, आणि मला येते की नाही हे आधी विचारायला हवे होते. आपण ते विचारलेत.

मी रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात एकतीस वर्षे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवले. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की अक्षर सुलटे बसले हे न बघता कळायचे. कदाचित म्हणूनच उतारवयात ब्रेल शिकताना बोटांनी फार त्रास दिला नाही. हे मी आपल्याला सांगितलेही नव्हते. मी फक्त "स्वतः दाबेन" म्हणालो, आणि आपण लगेच ब्रेलमधली नमुना मतपत्रिका माझ्यापुढे ठेवलीत, बसायला खुर्ची दिलीत आणि मागे रांग असूनही "सावकाश वाचा" म्हणालात. मी हळू वाचतो. एकेका उमेदवाराच्या नावावरून बोट दोनदा फिरवले. त्या वेळात मागून कोणीतरी कुरकुरले, तेव्हा "ते मतदान करत आहेत" एवढेच आपण शांतपणे सांगितलेत.

मग पुठ्ठ्याच्या नमुना यंत्रावर माझा हात ठेवून आपण समजावलेत की नावे आणि चिन्हे डावीकडे आहेत, निळी बटणे उजव्या कडेला एकाखाली एक आहेत आणि प्रत्येकाशेजारी अनुक्रमांक ब्रेलमध्ये उठवलेला आहे. कक्षात मी एकटा गेलो. उजवी कड सापडली, ठिपके सापडले, वरून खाली मोजत आलो, पुन्हा वर गेलो आणि पुन्हा मोजले. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटमधून, म्हणजे मताची पावती छापणाऱ्या यंत्रातून, बारीक घरघर ऐकू आली आणि मग तो लांब बीप. पावती काचेमागे सात सेकंद दिसते असे म्हणतात; ती मला दिसली नाही. हा एक कोपरा आम्हा अंध मतदारांसाठी अजून अंधारातच आहे आणि त्यावर उपाय निघायला हवा. पण कोणते बटण दाबले गेले, हे या वेळी माझ्या बोटाला पक्के ठाऊक होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ११व्या कलमात मतदान केंद्रे आणि मतदानाची प्रक्रिया आमच्यासाठी सुगम असावी असे म्हटले आहे. रॅम्प त्या केंद्रावर होता आणि तो बांधणाऱ्यांचाही मी ऋणी आहे. तरीही केंद्रात शिरल्यावर पुढे काय घडते, हे टेबलामागे बसलेल्या माणसावर ठरते, हे मी दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे.

म्हणून एक विनंती करतो. निवडणुकीच्या प्रशिक्षणात आपल्याला कधी बोलायची संधी मिळाली, तर नव्या केंद्राध्यक्षांना तो एक प्रश्न जरूर शिकवा, आणि तो मतदाराकडे तोंड करून विचारायला सांगा. या पत्राची प्रत मी जिल्हा निवडणूक कार्यालयालाही पाठवत आहे.

घरी परतताना वाटेत पुतण्याने विचारले, "काका, कोणाला दिलंत?" मी त्याला सांगितले नाही.

आपला कृतज्ञ,
पंचवटीतील एक मतदार