सुमे, हे फोनवर बोलता आलं नसतं

प्रिय सुमे,

गणपतीचे फोटो मिळाले गं. मखर झकास झालंय. पण मी ते फोटो चार चार वेळा झूम करून बघितले ते मखरासाठी नाही, गौरीच्या फोटोत तुझी धाकटी जाऊ कुठे दिसते का ते शोधत होते. नाही दिसली. दरवर्षी गौरींना साड्या तीच नेसवते ना, निऱ्या तिच्यासारख्या कोणालाच जमत नाहीत असं तूच सांगायचीस, आणि यंदा एका गौरीचा पदर इतका घसरलाय की मला इथे इस्राएलमध्ये, अश्दोदला बसून कळलं, ती आलेलीच नाही. तेव्हापासून झोप धड लागत नाही. तीनदा तुला व्हिडिओ कॉल लावला आणि तिन्ही वेळा भेंडी नि उकाडा यावर बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. लांबण लागणार आहे, चहा करून बस.

आमचा एलूल चालू आहे, आम्हा ज्यूंचा नव्या वर्षाआधीचा महिना. यंदा तुमची चतुर्थी आणि आमचा एलूल एकदमच लागले, चंद्र शेवटी एकच ना. हे पहाटे अंधारात उठून सलिहोतला जातात, माफीच्या प्रार्थना असतात त्या, महिनाभर. मग नवं वर्ष आणि त्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवशी किप्पूरचा उपास. तुला आठवतं का, आमची आजी त्याला किप्पूर म्हणायचीच नाही, दारफाळणीचा सण म्हणायची, आणि तू विचारायचीस की सण आहे तर दार का लावून घेता, खायला का नाही काही. त्या उपासाची एक अट आहे बघ, तेव्हा आजीने सांगितली असेल तरी मी कधी मनावर घेतली नव्हती. देवाविरुद्ध जे चुकलं ते त्या दिवशी देव माफ करतो, पण माणसाचं केलेलं वाईट तो माफ करत नाही, म्हणजे त्याच्या हातातच नाही ते, आधी त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत काढायची. एकदा नाही ऐकलं तर तीनदा जायचं. आता सगळे व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड टाकतात, कळत नकळत काही बोललो असल्यास वगैरे, खाली फुलं. तुझ्या शेजारचे जैन लोक मिच्छामि दुक्कडम पाठवतात तसंच, आणि तिथेही ज्यांनी खरंच काही केलंय ते सगळ्यात आधी पाठवत असणार. मीही दरवर्षी पाठवते. तुलाही पाठवलाय. या वर्षी नाही पाठवणार.

तुला सांगितलं होतं ना की मी दोन वर्षांपासून बायकांच्या शिऊरला, म्हणजे धर्माच्या वर्गाला जाते, आठवड्यातून एकदा, रब्बीची बायको शिकवते. विषय माहितेय काय? लाशोन हारा. शब्दशः वाईट जीभ. मला वाटायचं यात शिकायचं काय, चहाडी करू नये हे पहिलीतल्या पोराला पण कळतं. तर तसं नाही. खोटं पसरवणं हा वेगळा गुन्हा, त्याला वेगळं नाव आहे, मोत्सी शेम रा. इकडचं तिकडे सांगून दोघांत लावून देणं त्याला रेखिलुत, तोराहमध्ये, आमच्या मूळ धर्मग्रंथात, सरळ लिहिलंय की आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नकोस. आणि लाशोन हारा म्हणजे खरं असलेलं वाईट सांगणं. खरं! पहिल्या दिवशी आम्ही सगळ्याजणी एकमेकींकडे बघत बसलो. कारण आपल्या सगळ्यांचा बचाव तोच असतो ना, मी खोटं थोडंच बोलतेय.

हे सगळं नीट कायद्याच्या भाषेत मांडलं ते रादिन नावाच्या छोट्या गावातल्या एका रब्बीने, इस्राएल मेईर कागान, गाव आता बेलारूसमध्ये आहे. 1873 ला विल्नाला त्याचं पुस्तक छापलं, वर स्वतःचं नावच घातलं नाही, मग लोकांनी पुस्तकाचंच नाव त्याला लावलं, हाफेत्स हाईम, म्हणजे ज्याला आयुष्य हवंय तो. स्तोत्रातली ओळ आहे ती, आयुष्य हवंय ना, मग जीभ सांभाळ. त्याने मोजून काढलंय की एका चहाडीत माणूस 31 आज्ञा मोडू शकतो, 17 करू नकोसच्या आणि 14 करच्या. मला आधी हसू आलं, चहाडीचं ऑडिट. रोज दोन दोन नियम वाचायचे असतात, मी फोनला अलार्म लावलाय.

मला त्या आकड्यांपेक्षा तालमूदमधल्या, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातल्या, बारीक बारीक गोष्टी जास्त लागतात. एक सांगते. ज्याच्या घरात कोणाला फाशी झालीय त्याच्यासमोर 'तो मासा जरा टांगून ठेव' असं पण म्हणू नये. बस, एवढंच. टांगणे हा शब्द त्याच्या कानावर पडू नये म्हणून. आपल्या चाळीत बांगडे-बोंबील दोरीवर टांगलेले असायचे ते डोळ्यासमोर आले माझ्या आणि अंगावर काटा आला, किती कोणकोणाला आपण असं बोलून गेलो असू. दुसरं, घ्यायचं नसेल तर दुकानदाराला उगाच भाव विचारू नये, त्याची आशा लावू नये. (यात आपण दोघी जांभळी नाक्यावरच्या एकूण एक दुकानाच्या पापी आहोत.) आणि चारचौघांत कोणाचा पाणउतारा करणं म्हणजे रक्त सांडणं, कारण बघ, त्या माणसाच्या तोंडावरची लाली जाते नि तो पांढरा पडतो, ते रक्त गेलं कुठे?

आपण म्हणतो ना जिभेला हाड नसतं, त्यांच्याकडे त्यावर अख्खा संवाद आहे. देव जिभेला म्हणतो, बाकी सगळे अवयव उभे, तुला आडवं ठेवलं, बाकीचे बाहेर, तुला आत ठेवलं, वर तुझ्याभोवती दोन भिंती घातल्या, एक हाडाची नि एक मांसाची, आणखी काय करू तुझ्यासाठी?

हे सगळं मला पाठ होतं सुमे. पाठ असताना केलं.

हिवाळ्यात एकीच्या नातवाचा मलिदा होता. तुला मलिदा आवडायचा, गोड पोहे खोबरं नि फळं, तू आमच्याकडे एलियाहू हन्नाबीच्या, आमच्या संदेष्ट्याच्या, फोटोला हात जोडून दोन वाट्या खायचीस. तर आम्ही सहा-सातजणी फळं कापत बसलेलो, माझ्याकडे डाळिंबं होती सोलायला, आणि विषय निघाला लग्नांचा. एकीने विचारलं, तुझ्या त्या ठाण्याच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं ना गं. एवढंच. मी 'लांबलंय' म्हणू शकले असते. माहीत नाही म्हणू शकले असते. मी म्हटलं, मोडलं. मग दुसरी म्हणाली अगं बाई, का? आणि सुमे, खरं सांगते, त्या 'का'वर मला बरं वाटलं. सगळ्यांचे हात थांबले, सगळ्या माझ्याकडे बघतायत, मलाच माहितेय. रामबाम, आमचा जुना मोठा धर्मपंडित, लिहितो की ऐकणाऱ्याचा दोष बोलणाऱ्याहून मोठा, असेल, पण बोलणारीला त्या क्षणी काय चव लागते ते मला विचार. मी सांगितलं. पोरीला लहानपणी फिट यायच्या, अजून गोळी चालू आहे, तुम्ही साखरपुड्याआधी सगळं स्पष्ट सांगितलं होतं तरी ते लोक नंतर फिरले. वर 'बिचारी' असं पण म्हटलं. रात्री एक वाजता फोनवर रडत रडत तू मला जे सांगितलंस ते मी डाळिंब सोलता सोलता वाटून टाकलं. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात ना, तशी.

तू 'कोणाला सांगू नकोस' असं तेव्हा म्हणाली नव्हतीस. मी नंतर कितीतरी दिवस याला धरून बसले होते. आणि मग शिऊरमध्ये नेमकं तेच आलं, की कोणी आपल्याला काही सांगितलं तर ते पुढे सांगायचं नसतंच, तो स्वतः 'जा, सांग' म्हणेपर्यंत. गुप्त ठेव असं म्हणायची गरजच नाही, सांग असं म्हणायची गरज आहे. मी वहीत लिहून घेत होते, हात थांबला.

पुढचं तुला माहितेय, फक्त सुरुवात कुठून झाली ते माहीत नव्हतं. त्या मलिद्याला बसलेल्या एकीची मावसबहीण ठाण्यातच राहते. तालमूदमध्ये म्हटलंय, तुझ्या मित्राला मित्र असतो आणि त्याच्या मित्राला आणखी एक मित्र. इथे सगळ्या मैत्रिणी होत्या, एवढाच फरक. तुमच्या भिशीत बातमी पोचली, डोंबिवलीचं जे स्थळ आलं होतं त्यांनी तुम्ही सांगायच्या आतच कुठूनतरी ऐकलं आणि पत्रिका जुळत नाही असं कळवून टाकलं. हे तूच मला सांगितलंस. फोनवर. आणि म्हणालीस की घरातलं बाहेर दुसरं कोण नेणार, धाकटीशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी काय म्हटलं तेव्हा, आठवतं? मी म्हटलं, हो गं, लोक असेच असतात.

त्या वाक्याला 31 पैकी किती आज्ञा लागतात ते मी मोजलेलं नाही.

लग्नाच्या बाबतीत बोलायला सूट आहे, हे पण खरंय. समोरच्याचं खरंच नुकसान होणार असेल तर सांगावं लागतं, पण ज्याला गरज आहे त्यालाच, आपल्याला पक्कं माहीत असलेलंच, तेवढंच, न वाढवता, मनात आकस न ठेवता. मुलाकडच्यांना सांगायचं तर तू स्वतः सांगतच होतीस. त्या सहा-सातजणींपैकी कोणाला मुलगा द्यायचा होता?

आणि हे करणारी मी कोण, तर ज्यांच्या रक्तावरच लोकांनी कुजबुज केली त्यांची मुलगी. तुला मी कधी नीट सांगितलं नाही. आमचे मोठे काका आधीच इकडे आले होते, तेव्हा इथल्या मोठ्या रब्बींनी फर्मान काढलं होतं की बेने इस्राएल, म्हणजे आम्ही कोकणातले ज्यू, त्यातला कोणी लग्न लावायला आला तर त्याच्या पिढ्या तपासा. म्हणजे आजीची आजी कोण, त्यांच्यात काडीमोड धर्माप्रमाणे झाले का, कोणी बाहेरचं मिसळलं का. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांची मुलं आम्ही, कोकणात तेल गाळायचो, शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली, आमच्याकडे कुठले कागद असणार. शेवटी 1964 ला आपल्या लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, बायका-पोरांसकट, तेव्हा संसदेने ठराव केला की हे सगळ्या दृष्टीने ज्यूच आहेत आणि रब्बींना आमचं नाव त्या फर्मानातून काढावं लागलं. काका म्हणायचे, फर्मानाचं एवढं वाटलं नाही, लिहिलेलं तरी दिसतं, पण त्याआधी बाजारात, कामावर लोक हळूच विचारायचे, तुमच्यात म्हणे असं असतं. ते 'म्हणे'. आणि याच धर्मात लिहून ठेवलंय की धर्मात नव्याने आलेल्याच्या मुलाला त्याच्या बापजाद्यांची आठवण काढून दुखवू नये. लिहून ठेवलेलं असणं नि पाळणं, जाऊ दे, मी कोणत्या तोंडाने बोलू.

आता मुद्द्याचं. ज्याच्याबद्दल बोललो त्याला ते माहीतच नसेल तर जाऊन सांगायचं का, यावर दोन मोठ्या रब्बींचं पटलं नाही. हाफेत्स हाईम म्हणतो सांगा आणि माफी मागा. रब्बी इस्राएल सलांतर, तेही त्याच काळातले, ते म्हणाले नाही, तुमची सुटका व्हावी म्हणून त्याला आणखी एक जखम का. मला सलांतर फार पटले. पटणारच. सहा महिने मी त्यांच्या पदराखाली लपले, सुमीला कशाला दुखवा, मोठ्या माणसाने सांगितलंय गप्प बसा, गप्प बसणं म्हणजेच दया. मग तुझ्या गौरीचा तो पदर बघितला. सलांतरांनी सांगितलं ते दोन माणसांचं होतं, इथे तिसरी आहे. तुझ्या जावेच्या नावावर माझा गुन्हा लिहिलाय आणि मी गप्प बसून रोज त्यावर सही करतेय. तिने घरातलं बाहेर नेलं नाही. मी नेलं. तिला तुम्ही गौरी-जेवणाला बोलावलं नाही की तीच आली नाही हे मला माहीत नाही, पण ज्या कारणाने ते झालं ते कारण मी आहे.

माफी मागतेय, पण लगेच दे असं म्हणत नाही. फोन उचलला नाहीस तरी मी तीनदा करणारच, तेवढं आमच्यात लिहिलेलंच आहे, चौथ्यांदा त्रास देणार नाही. किप्पूरच्या आत दे, असला हिशेब पण तुझ्या गळ्यात घालायचा नाहीये मला, तुझा कॅलेंडर वेगळा. मलिद्याच्या त्या बायकांपैकी चौघींकडे मी जाऊन आले, सांगितलं की मी दुसऱ्याचं खाजगी बोलले, पुढे नेऊ नका. एक म्हणाली अगं ते तर केव्हाच सगळ्यांना माहितेय. दोघी अजून राहिल्यात, त्यातली एक त्या मावसबहिणीवाली. तिच्या दाराशी जाऊन दोनदा परत आले, रविवारी पुन्हा जाणार.

तुझ्या लेकीला मी काय तोंड दाखवू ते कळत नाही. तिला वेगळं पत्र लिहायचं मनात आहे, पण तिला आधी विचार, तिला माझं काही वाचायचं नसेल तर मी नाही लिहिणार.

आणि हे पत्र तू एकटीने वाचून ठेवू नकोस. धाकटीच्या घरी जा, तिच्या हातात दे, सगळं वाचू दे तिला, डाळिंबापासून. तिने आणखी कोणाला दाखवलं, सासूबाईंना, भिशीतल्या बायकांना, तरी चालेल. या वेळी मी स्वतः म्हणतेय सुमे, जा, सांग.

तुझी,
एस्तू