शाळेचा रस्ता बंद करा, पण आधी नीट सांगा तरी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात औंधला राहणारी माझी बहीण आणि तिच्या सोसायटीतल्या दोनचार आया सध्या महापालिकेच्या मागे लागल्यात, की लंडनमध्ये करतात तसा शाळेसमोरचा रस्ता शाळा भरताना आणि सुटताना गाड्यांना बंद करा. मागणी चुकीची अजिबात नाही. पण मी लंडनच्या वायव्य भागात अशाच एका 'स्कूल स्ट्रीट'च्या शेजारच्या गल्लीत राहते आणि आमच्याकडचे लोक या प्रकाराने किती वैतागलेत ते तिकडे कोणी सांगत नाही, तिकडे नुसते सायकलवरून शाळेत जाणाऱ्या हसऱ्या मुलांचे फोटो पोचतात, म्हणून हे पत्र.

आधी प्रकार काय ते सांगते. सकाळी साधारण सव्वाआठ ते सव्वानऊ आणि दुपारी पावणेतीन ते पावणेचार, सोमवार ते शुक्रवार, शाळा चालू असेल तेव्हा रस्ता बंद. वेळा शाळेप्रमाणे थोड्या मागेपुढे असतात. फाटक नाही, पोलीस नाही, खांबावर फक्त एक कॅमेरा. तो गाडीचा नंबर वाचतो आणि परवान्याच्या यादीत नंबर नसेल तर घरी पीसीएन येतं, म्हणजे पेनल्टी चार्ज नोटीस. दंड 160 पौंड, एप्रिल 2025 च्या आधी तो 130 होता. चौदा दिवसांत भरला तर निम्मा. रुपयांत हिशोब केला तर पूर्ण दंड 18 हजारांच्या वर जातो, आणि तो एका डावीकडच्या वळणाचा. लायसन्सवर पॉइंट वगैरे लागत नाहीत, तेवढंच नशीब. असे रस्ते लंडनमध्ये आता 500 च्या वर झालेत, त्यातले बरेच कोविडच्या काळात घाईघाईने केलेले.

हे आधीच स्पष्ट करते की मी गाडीवाल्यांची वकील नाही. आमच्या शाळेसमोर पूर्वी जे चालायचं ते बघवत नव्हतं. पिवळ्या नागमोडी पट्ट्यांवर, जिथे थांबायलाच मनाई आहे तिथे, मोठमोठ्या गाड्या लावून हीटर चालू ठेवून आईबाप बसायचे आणि रिसेप्शनमधली, म्हणजे शाळेच्या पहिल्याच वर्गातली चारपाच वर्षांची पोरं दोन बंपरच्या मधून डोकं काढून रस्ता बघायची. मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या लॉलीपॉपवाल्या आजी हातातली गोल पाटीची काठी आपटून आपटून दमायच्या. आणि हवेचं म्हणाल तर दक्षिण लंडनमधली एला किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी 2013 मध्ये दम्याने गेली, तिच्या मृत्यूत प्रदूषित हवेचा हात होता असं कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, 2020 मध्ये नोंदवलं. ती माझ्याच काय कोणाच्याही घरात असू शकली असती. त्यामुळे रस्ता बंद करू नका असं आमच्यातले फार थोडे जण म्हणतात.

आमचं भांडण सांगण्याच्या पद्धतीशी आहे.

तो बोर्ड एकदा बघाच. लाल गोलात खाली कार आणि तिच्या वर मोटारसायकल, म्हणजे कोणीतरी सर्कशीत गाडीवरून उडी मारतंय असं चित्र. त्याच्याखाली पादचारी आणि सायकल झोन, त्याच्याखाली दोन वेळा, त्याच्याखाली परवानाधारक सोडून. हे सगळं ताशी वीस मैलांनी जाताना, मागे बस, समोरून सायकलवाला, वायपर चालू, अशा वेळी वाचायचं, मनगटावरचं घड्याळ बघायचं, आज शाळेला सुट्टी आहे का ते आठवायचं आणि मग ठरवायचं वळायचं की नाही. शिवाय बोर्ड आहे गल्लीच्या तोंडावर, म्हणजे इंडिकेटर देऊन तुम्ही निम्मे वळलेले असता तेव्हा दिसतो. मेन रोडवर, वळणाच्या आधी, आमच्याकडे एकही सूचना नाही. फोनवरचा नकाशा तर खुशाल त्याच गल्लीत घालतो.

आमच्या भागात एक काकू डबे देतात, एकट्या राहणाऱ्या पोरांना आणि काही आजारी म्हाताऱ्यांना पोळीभाजी वरणभात. दुपारी तीनच्या सुमारास त्यांची शेवटची फेरी असते. रस्ता बंद ठेवायला सुरुवात झाली त्या आठवड्यात त्या रोजच्यासारख्या त्या गल्लीतून गेल्या, दुसऱ्या दिवशी गेल्या, तिसऱ्या दिवशी पण गेल्या, कारण कोणी अडवलं नाही, हॉर्न नाही, शिट्टी नाही, काहीच नाही. नोटीस पोस्टाने येते आणि ती 28 दिवसांपर्यंत पाठवली तरी चालते. पहिलं पाकीट दारात पडलं तोपर्यंत पुढची पाकिटं वाटेत होती. प्रत्येकात त्यांच्या जुन्या टोयोटाचे दोन फोटो, एकात अख्खी गाडी आणि एकात मोठी केलेली नंबर प्लेट, आणि वेबसाईटवर जाऊन व्हिडिओ बघा म्हणून एक कोड. काकूंचा मुलगा व्हिडिओ बघून म्हणाला आई इंडिकेटर मात्र मस्त दिलायस हं. हसलो आम्ही सगळे, पण त्या महिन्याचे डब्यांचे पैसे गेले ते गेलेच. पहिल्या चुकीची शिक्षा एकदा समजू शकते, पण चूक झालीय हे कळायच्या आधीच तीनदा शिक्षा, याला शिस्त लावणं कसं म्हणायचं?

बरं अपील करावं तर तिथे पण जुगार. काउन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, आधी लिहायचं, त्यांनी फेटाळलं की लंडन ट्रिब्युनल्स नावाच्या स्वतंत्र लवादाकडे जायचं, तिथे फी नाही हे खरं. पण तिथपर्यंत गेलात आणि हरलात तर निम्म्या दंडाची सवलत गेली, पूर्ण 160 भरा. म्हणून ज्याचं म्हणणं खरं आहे तो पण 80 भरून मोकळा होतो, कुठे भांडत बसा. आणि काहीच केलं नाही, पाकीट फोडलंच नाही, तर रक्कम दीडपट होऊन 240 होते आणि शेवटी प्रकरण वसुलीवाल्यांपर्यंत जातं. तिकडे ई-चलन थकलं तर लोकअदालतीत काहीतरी तडजोड होईल म्हणून लोक निवांत असतात, इथे तसलं काही नाही.

परवान्याची गंमत वेगळीच. बंद रस्त्यावर ज्यांचं घर आहे त्यांना परवाना मिळतो, ब्लू बॅजवाल्यांना, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंगचा बिल्ला असणाऱ्यांना, मिळतो, आजारी-म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला घरी येणाऱ्या केअररना पण मिळतो, पण अर्ज ज्याचा त्याने करायचा. शेजारच्या गल्लीला काहीच नाही. आता शाळेसमोर थांबता येत नाही म्हटल्यावर त्या सगळ्या गाड्या कुठे जाणार? आमच्या दारात! गाड्या कमी झाल्या म्हणून जे आकडे सांगतात ते त्या एका रस्त्याचे असतात, आमच्या गल्लीत येऊन कोणी मोजत नाही. समोर राहणाऱ्या, वयाने ऐंशीच्या घरातल्या गुजराती आजोबांना हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटला न्यायला आलेली मिनीकॅब पंधरा मिनिटं आत शिरू शकली नाही, आणि शिरली ती आमच्या ड्राइव्हवेवरून.

काउन्सिलने हे पैसे कमवायला काढलंय असं इथे सर्रास बोललं जातं. मला ते तितकंसं पटत नाही, दंडातून उरलेला पैसा वाहतुकीशी संबंधित कामांवरच खर्च करायचा असं कायद्यात आहे. पण लोकांना असं का वाटतं ते मात्र कळतं. इंग्लंडमध्ये लंडनबाहेरच्या काउन्सिलना 2022 पासून असे कॅमेरे वापरायचा अधिकार मिळाला तेव्हा सरकारने सोबत एक नियम घातला, की नवीन कॅमेरा बसला की पहिले सहा महिने पहिल्या चुकीला दंड नाही, नुसतं ताकीदपत्र. आणि दंड पण तिकडे 70 पौंड, लवकर भरला तर 35. लंडनमध्ये ना ती ताकीद सक्तीची ना ती रक्कम. मग तीच चूक लंडनच्या हद्दीबाहेर वॉटफर्डला केली तर चिठ्ठी आणि दोनचार मैल अलीकडे केली तर 160, हे माणसाला कसं समजवायचं?

आमच्या रस्त्याचा आदेश प्रायोगिक आहे, असा आदेश जास्तीत जास्त अठरा महिने चालतो आणि पहिल्या सहा महिन्यांत हरकती पाठवता येतात. ही मुदत अजून शिल्लक आहे हे आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हतं, कारण नोटीस लावली होती दिव्याच्या खांबावर, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाने आतून ओली झालेली. आता आम्ही घरोघरी जाऊन सांगतोय. आमच्या हरकतीत रस्ता उघडा असं कुठेच नाहीये. मेन रोडवर वळणाच्या आधी बोर्ड, पहिल्या वेळेला ताकीदपत्र, आणि शेजारच्या गल्ल्यांतल्या गाड्यांची मोजणी, एवढंच आहे.

बहिणीला पण मी हेच सांगितलंय. पुण्यात तर गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे अर्धी शाळा रिक्षावाल्या काकांच्या आणि व्हॅनच्या भरवशावर येते, उरलेली स्कूटीवर आईच्या पुढे उभी राहून. त्या काकांना आत सोडणार की कोपऱ्यावर थांबवणार, कोपऱ्यावर थांबवलं तर पहिलीतल्या पोरांना गेटपर्यंत कोण नेणार, आणि त्या रस्त्यावरच्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटनी परवाना कुठल्या खिडकीवर मागायचा, हे महापालिकेकडून आधी लेखी घ्या आणि मगच खांबावर कॅमेरा चढवू द्या.

आपली,
एक वाचक, लंडन